१५-१६ हजारांचा हेडफोन गेमिंगसाठी घ्यावा का? खोलीत कूलर चालू असतो, सल्ला द्या

हतनूर_२२

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. जळगावला एमआयडीसीत नोकरीला लागून ८ महिने झाले, रोज रेल्वेने अपडाऊन करतो. रात्री ९ ते १२ मित्रांसोबत व्हॅलोरंट, आणि रविवारी काउंटर-स्ट्राइक २, दोन्ही गोळीबाराचे ऑनलाइन गेम. आतापर्यंत १२०० रुपयांच्या हेडसेटवर भागवलं पण आता त्याची उजवी बाजू वायर मुरगाळून धरली तरच वाजते, आणि ज्या गेममध्ये समोरचा डावीकडून आला की उजवीकडून हेच पायांच्या आवाजावर ओळखायचं असतं तिथे एक कान बंद म्हणजे काहीच उपयोग नाही.

पगारातून १८ हजार बाजूला काढलेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी सगळ्यांचे कपडे झाले, बहिणीची फी भरून झाली, म्हणजे हे पैसे खरंच माझे आहेत. तरी वडिलांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले की कानाला लावायच्या वस्तूला पंधरा हजार म्हणजे नीट विचार करून घे. ते रेल्वेत पाळीवर असतात, ओरडले नाहीत, रागावले पण नाहीत, म्हणून मला उलट जास्तच वाटून राहिलं की चुकीची वस्तू घरी यायला नको.

आता माझी खोली. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको, रात्री ११ ला भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. त्यामुळे कूलर फुल स्पीडवर, माझ्यापासून ४ फुटांवर. त्याचा आवाज माइकमधून जातो आणि मित्र म्हणतात म्यूट कर. स्पीकर लावू शकत नाही कारण वडील नाइट करून आले की दिवसा झोपतात आणि मी खेळतो तेव्हा आई झोपलेली असते.

यूट्यूबवर सगळे म्हणतात ओपन बॅक घे. दुकानात म्हणतात ७.१ वाला घे, म्हणजे चारी बाजूंनी आवाज येतो म्हणतात तो. मित्र म्हणतो वायरलेस घे. महाग हेडफोनने पायांचे आवाज खरंच जास्त नीट कळतात का, की पैसे नुसते नावाला जातात? आणि अजून एक, कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडसेट लावला की बारीक गुंईंईं असा आवाज येतो आणि माउस हलवला की तो बदलतो, हे हेडसेटचं आहे का?

पांझराकाठ

भाऊ मी धुळ्याचा. मन्हं इचारशी तर लई टाक, म्हणजे घेऊनच टाक! माझ्याकडे ३ वर्षांपासून सेनहायझरचा एचडी ५६०एस आहे, ओपन बॅक. आधी मी पण ४-५ हजारांचे गेमिंग हेडसेट वापरले, दोन संपवले, दोन्हींचं एकच दुखणं, बास एवढा फुगवलेला की बॉम्ब फुटला की पुढचे २ सेकंद बाकी काही ऐकूच येत नाही. पायांचा आवाज काही फक्त खालच्या सुरात नसतो रे, बुटाची टकटक, जाळीवरची खडखड, हे सगळं मधल्या आणि वरच्या भागात असतं आणि फुगलेला बास ते झाकून टाकतो. ५६०एस मध्ये बास आहे पण तो आपल्या जागेवर बसतो.

ओपन बॅक म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीची असते, आवाज आत कोंडत नाही म्हणून सगळं डोक्याच्या बाहेर, थोडं लांब वाजल्यासारखं वाटतं. वजन वायर सोडून २४० ग्रॅम, आणि गादी मखमली कापडाची, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या गादीत कान जसे उकडून निघतात तसं होत नाही. १२० ओहमचा आहे, म्हणजे वाजवायला जरा जास्त ताकद लागते, पण माझ्या मदरबोर्डच्या मागच्या जॅकवर पुरेसा मोठा वाजतो, आवाज वाढवणारा वेगळा अँप मी घेतला नाही. माइक मात्र त्याला नाही, तो वेगळा घ्यावा लागतो हे लक्षात ठेव.

आणि तू कमावतोस, दिवसाचे ३ तास ती वस्तू तुझ्या डोक्यावर असणार आहे. माणसं वर्षातून ४ वेळा घालायच्या बुटाला ५ हजार घालतात. माझं ३ वर्षांत एकदाही मन खट्टू झालं नाही.

सोल्डर_जळगाव

भो आधी ते गुंईंईं मिटव, मग १६ हजारांचं बोलू. मी जळगावात रिपेअरिंग करतो, हेडफोन, साउंडबार, चार्जर सगळंच येतं. दर महिन्याला एखादा पोरगा नवाकोरा महाग हेडसेट घेऊन येतो की यात आवाज येतो, आणि माझ्या टेबलावर लावला की काहीच येत नाही. हेडफोन चांगला असतो, घोळ त्याच्या घरात असतो.

माउस हलवल्यावर बदलणारा आवाज म्हणजे कॉम्प्युटरच्या आतलाच कचरा ऑडिओत शिरतोय. पुढच्या जॅकपासून मदरबोर्डपर्यंत जी वायर जाते ती ग्राफिक्स कार्डाच्या, एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) जवळून लोळत जाते आणि तिला शिल्डिंग नावालाच असतं. त्यामुळे आधी हेडसेट मागच्या हिरव्या जॅकला लावून बघ, अर्ध्या लोकांचं तिथेच मिटतं. तरी राहिला तर ५००-७०० ची यूएसबी साउंड कार्ड नाहीतर यूएसबी-सी वाला छोटा डॉंगल घे.

आता मेन गोष्ट. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली तर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुझ्या खोलीच्या बोर्डात अर्थिंग नाहीये, नाहीतर आहे पण मेलेलं आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, त्याचा बारीक करंट अर्थच्या वायरने जमिनीत जायला पाहिजे. वाट नाही सापडली तर तो पत्र्यावर बसतो, हेडफोनच्या वायरवर बसतो आणि कानात हम होऊन वाजतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे वाढतं कारण अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. जुनी माणसं त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची ती उगाच नाही. वायरमनला बोलावून चेक कर, स्वतः बोर्ड उघडू नको. इन्व्हर्टरवर असताना वेगळाच घरघर आवाज आला तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्याला हेडफोन बदलून काही होणार नाही.

आणि तुझा जुना हेडसेट फेकू नको. वायर मुरगाळल्यावर वाजतो म्हणजे स्पीकर जिवंत आहे, जॅकपाशी नाहीतर कपाच्या तोंडाशी आतली तार तुटली आहे. १०० टक्के लोक तिथेच तोडतात कारण उठताना वायर ओढून काढतात, जॅकला धरून नाही. नवा जॅक बसवून दीडशेच्या आत काम होतं.

महाग घ्यायचाच असेल तर माझी अट एकच, वायर निघणारी पाहिजे आणि गादी बदलता आली पाहिजे. आपल्या उन्हात आणि घामात रेक्झिनची गादी दीड-दोन वर्षांत पापड सुटल्यासारखी सुटते, सगळ्या कानाला काळे तुकडे चिकटतात. ज्याची गादी बाजारात मिळत नाही तो १६ हजारांचा हेडफोन पण तिथेच संपला.

चाळीसगाव_मिड

कॉलेजात ४ वर्षं टीममध्ये खेळलो, रँकवाले गेम अजून खेळतो, म्हणून लिहितो. दोन गोष्टी मिसळून राहिल्यात. दिशा कळणं ही जास्त करून गेमची कमाई आहे, हेडफोनची नाही.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा, शिवाय मध्ये डोकं येतं म्हणून तो थोडा दबून पोचतो. मागून आलेला, वरून आलेला आवाज कानाच्या पाळीवर वळसे घेऊन आत जातो त्यामुळे त्याचा पोत बदलतो. मेंदूला हे लहानपणापासून पाठ असतं. हाच सगळा हिशोब गेम स्वतः करून दोन कानांसाठी दोन वेगळे आवाज बनवतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात. सीएस:गो (काउंटर-स्ट्राइक २ च्या आधीचा गेम) मध्ये तो २०१६ ला आला, व्हॅलोरंटमध्ये २०२१ ला. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन बघ तुझा चालू आहे का, माझ्या ओळखीतल्या ५ पैकी ३ जणांचा बंदच होता. तो चालू कर आणि विंडोजमध्ये स्टीरिओ ठेव. दुकानदाराचं ७.१ विसर, त्यात प्रत्येक कानाला स्पीकर बहुतेक एकच असतो, ७.१ हे सॉफ्टवेअर असतं. गेमने एकदा हिशोब करून दिलेला आवाज त्या सॉफ्टवेअरने परत घुसळला की पुढे-मागे कळणंच बंद होतं. विंडोज सॉनिक, डॉल्बी अॅटमॉस, असलं आवाज घुसळणारं जे काही असेल ते या दोन गेमसाठी बंद.

पांझराकाठ दादा, तुमचा हेडफोन मी ऐकलाय आणि तो चांगलाच आहे, त्यावर वाद नाही. पण हा भाऊ कूलरपासून ४ फुटांवर बसतो. ओपन बॅकमध्ये आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचा सगळा आत येतो. फुल स्पीडवरच्या कूलरचा जो भस्स आवाज असतो तो मधल्या-वरच्या भागात पसरलेला असतो, म्हणजे तुम्हीच म्हणालात तिथे, पायांच्या आवाजाच्या जागेवर. मग हा काय करणार, व्हॉल्यूम वाढवणार. यूट्यूबवाले एसीच्या शांत खोलीत बसून ओपन बॅक सांगतात, त्यांच्या खोलीत ते खरं आहे.

भाऊ माझं ऐकशील तर १६ हजारांच्या आधी एकदा आयईएम लावून बघ, म्हणजे कानात जाणारा वायरवाला इअरफोन, सिलिकॉनचं बूच असलेला. मूनड्रॉप चू, सेव्हन हर्ट्झ सालनोट्स झिरो, केझेडचे वेगवेगळे, हे दीड-दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतात. बूच नीट बसलं की कूलर लांब गेल्यासारखा होतो, कानावर गादीच नाही म्हणून घाम नाही. मोठ्या स्टेज टुर्नामेंटचे व्हिडिओ नीट बघ, प्लेअर वरून मोठा हेडसेट घालतात तो प्रेक्षकांचा आवाज अडवायला, गेमचा आवाज बऱ्याच वेळा आतल्या छोट्या इअरफोनमधून येतो.

वायरलेसचं पण सांगतो. ब्लूटूथ नको म्हणजे नकोच, आवाज ऐकू येईल इतका उशिरा येतो आणि माइक चालू केला की क्वालिटी फोनकॉलसारखी होते. २.४ गिगाहर्ट्झच्या डॉंगलवाला चालतो, त्यात उशीर जाणवत नाही, पण बॅटरीचे आणि डॉंगलचे पैसे आवाजातून कापले जातात. वायर घे.

माइकसाठी डिस्कॉर्डमध्ये (खेळताना बोलायचं अॅप) नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट दाबायची सोय आहे ते चालू कर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड असेल तर एनव्हिडिया ब्रॉडकास्ट फुकट आहे. आणि माइक तोंडाजवळ आण. लांबचा माइक कूलरच ऐकतो.

सातपुडा_पायथा

मी गेम खेळत नाही, माझा भाऊ खेळतो, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. फैजपूरची आहे. २ वर्षं एका कॉल सेंटरमध्ये होते, हॉलमध्ये एवढा गलका की हेडसेटचा आवाज सतत फुल ठेवायचे. आता माझ्या उजव्या कानात रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजते. डॉक्टरांनी सांगितलं की आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या गेल्या की परत येत नाहीत. रात्री सगळं शांत झालं की ती शिट्टी मोठी होते, झोप लागायला पंखा लागतो मला, थंडीत पण.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. तू रोज ३ तास खेळतो, आठवड्याचे २१ तास झाले, ८३ वर पण तू हद्दीच्या बाहेर. कूलरच्या वर आवाज काढायचा म्हणून तू किती वाढवत असशील ते तुला कळत पण नसेल, मला कळलं नव्हतं. खेळताना कूलर बंद करून बघ, तोच व्हॉल्यूम ठेवून, म्हणजे कळेल किती मोठा आहे तो.

म्हणून मला त्या चाळीसगावच्या दादांचं पटतं की बाहेरचा आवाज अडवणारं घे. पण कानात घालायचं असेल तर बूच रोज पुसून घे, घामाच्या दिवसांत ओलं बूच तसंच घातलं की कानात बुरशी होते, आमच्याकडे पावसाळ्यात दवाखान्यात अशी पोरं रांगेने असतात. आणि ३ तास सलग नको रे भाऊ. मॅच संपली की ५ मिनिटं काढून ठेव.

हतनूर_२२

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. १२ दिवस झाले, एकेक करून बघितलं, सांगतो.

मागच्या जॅकला लावला, गुंईंईं बरंच कमी झालं पण पूर्ण गेलं नाही. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या होत्या, मी इतके दिवस समजायचो की सगळ्यांच्याच कॉम्प्युटरला असतात. वायरमन आला, त्याने बोर्ड उघडला तर वरच्या खोलीच्या सॉकेटला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, आत गुंडाळून ठेवली होती, घर बांधलं तेव्हापासून. ३५० रुपये घेतले, खालच्या खड्ड्यात पाणी टाकायला सांगितलं. आता आवाज शून्य. वडील स्वतः वर येऊन पत्र्याला हात लावून गेले, आणि मग त्यांनी फ्रिजचं आणि मोटरचं पण चेक करून घेतलं.

एचआरटीएफ माझा बंद होता. चालू केल्यावर पहिले २ दिवस सगळं विचित्र वाटलं, आवाज पातळ झाल्यासारखा, पण तिसऱ्या दिवसापासून मागून येणारा माणूस मागेच वाटायला लागला, ते पण त्याच जुन्या १२०० च्या हेडसेटवर. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सोल्डर दादा, जॅक बदलून घेतला, १२० लागले, दोन्ही बाजू वाजतात.

मग कंपनीतल्या एकाकडून १८०० चा आयईएम दोन रात्रींसाठी आणला (नवीन बूच लावून, ताई काळजी नको) आणि मित्राकडून ९ हजारांचा बंद कपाचा हेडसेट. हेडसेटचा आवाज भारी होता, भरलेला, गाणी ऐकायला तर फारच छान, पण ४० मिनिटांत कान घामाने चिंब. आयईएममध्ये गाणी तेवढी भरलेली नाही वाटली पण गेममध्ये जिन्यावर कोण आहे आणि जिन्याखाली कोण आहे हे मला जास्त स्वच्छ कळलं, आणि विंडोजचा व्हॉल्यूम जो मी ७० ला ठेवायचो तो ३० वर आला. दोन्हींची वायर वेगळी, ताकद वेगळी, त्यामुळे ७० आणि ३० ची बरोबरी करता येत नाही हे कळतं, पण कूलर बंद करून ऐकलं तेव्हा जुनी पातळी ऐकवत नव्हती. ताई, तुम्ही जे सांगितलं ते करून बघितलं आणि थोडी भीतीच वाटली. ती शिट्टी कमी होवो तुमची.

कूलर टेबलासमोरून काढून खिडकीत बसवला आणि दार अर्धं उघडं ठेवलं, हवा खेळती राहिली तरच तो गारवा देतो हे आईने सांगितलं, आता मिडीयम स्पीडवर भागतं. मित्र म्हणाले आता तुझा आवाज येतो.

तर सध्या आयईएम आणि एक साधा कॉलर माइक असे मिळून २७०० गेले. बाकी पैसे तसेच आहेत. वडिलांना सांगितलं तर म्हणाले मग ते बाकीचे कधी खर्च करणार, म्हणजे त्यांना वाटत होतं मी घेणारच. खरं सांगू का, मला तो ओपन बॅक अजून हवाय, मनातून गेला नाही. पांझराकाठ दादा, तुमचा हेडफोन एकदा ऐकायला मिळेल का?

पांझराकाठ

कूलरचं मी धरलंच नव्हतं, माझी खोली खालच्या मजल्यावर आहे आणि मागे लिंबाचं झाड, मला एप्रिलच्या मध्यापर्यंत पंख्यावर जमतं. तुझ्या खोलीत मेमध्ये ओपन बॅक घेऊ नको हे मला मान्य. पण एका गोष्टीवर मी अजून ठाम आहे, तुझ्या त्या आयईएममध्ये आवाज डोक्याच्या आतच वाजतो, आणि एकट्याने एखादा गोष्टीचा मोठा गेम खेळताना, पाऊस पडून राहिलाय, लांब कुठेतरी रेल्वे जाऊन राहिली, ते जे मोकळं वाटतं ना ते दीड-दोन हजारात येत नाही. ती वस्तू मॅच जिंकायला नाही, ती ऐकायला आहे, आणि त्यासाठी पैसे घालणं चुकीचं नाही भाऊ.

डिसेंबरात ये धुळ्याला. कूलर-पंखे बंद असतात, रात्री कुत्रं भुंकलं तर तेवढंच. येताना तुझा आयईएम आण आणि तुझ्या एका मॅचचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्ये आण, जी मॅच तुला पाठ आहे अशी, कोण कुठून आला ते तुला आधीच माहीत पाहिजे. दोन्ही एकाच पीसीवर लावू आणि आधी दोघांचा आवाज एका पातळीवर आणू, कारण जो जरा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, दुकानात असंच फसायला होतं. बसस्टँडवर घ्यायला येतो, जेवायला घरीच, शेवभाजी सांगून ठेवतो.

सोल्डर_जळगाव

दोघं जण जाऊन राहिले तर मला पण सांगा, लेव्हल सेट करायला मीटर आणतो. आणि हतनूर भो, १२० मध्ये बसवलेला जॅक आता वायरला धरून ओढू नको.